मानेमागची पांढरी रेघ

अप्पा गेले तेव्हा मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या आईचं ते वसईभर सांगून झालंय. लपवण्यात काही अर्थ नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या आळीत सगळी पोरं बापाला पप्पा नाहीतर डॅडी म्हणतात, आमच्याच घरात तेवढे अप्पा. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. दुपारी जेवले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. मी दोह्याहून मिळेल ते विमान पकडून दफनाला वेळेवर पोचले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले, मूठभर माती टाकली, आल्यागेल्यांना चहा विचारला. सगळं रीतसर केलं. फक्त डोळ्यांत पाणी आलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग स्वतःचाच गाल दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागतो, तसं मला अंगभर झालं होतं. मावश्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "एवढी लाडकी लेक, आणि बघ, टिपूस नाही."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर हजर. दोह्यापासून तासाभरावरच्या अल खोरमधल्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढते. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये. कंपनीची बस त्याला पहाटे उचलते आणि अंधार पडला की आणून टाकते. आमचा संसार म्हणजे फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. आई संध्याकाळी फोन करायची.

"जेवलीस?"

"जेवले."

"रडलीस?"

"नाही गं."

"बरं. होईल उद्या."

जसं काही मला बद्धकोष्ठ झालं होतं! सुरुवातीला मी चिडायचे. मग चिडणंही बंद झालं. वर्ष सरत आलं, चर्चमध्ये अप्पांच्या वर्षाच्या मिस्साची बोलणी सुरू झाली, तरी माझं आपलं तेच. सकाळी उठायचं, शिशाचा ॲप्रन चढवायचा, श्वास रोखा, हलू नका, झालं, पुढचा. शुक्रवारी नवरा समैस्माला समुद्रावर घेऊन जायचा. मी वाळूत बसून समुद्राकडे बघायचे आणि घरी यायचे. समुद्र ठीक होता.

अल खोरला कोरियन लोक बरेच आहेत. प्लांटवरचे इंजिनियर, त्यांची कुटुंबं, आणि अधूनमधून त्यांच्याकडे राहायला आलेले म्हातारे आईवडील. हे म्हातारे मान, पाठ, कंबर घेऊन आमच्याकडे येतात. त्यातल्या काहींच्या पाठीचा कणा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तोंडात बोट घातलं होतं. मणक्यांच्या पुढच्या बाजूने नसतं हाड वाढलेलं, एका मणक्यावरून दुसऱ्यावर ओघळलेलं. ऑल सोल्सला कबरीवर मेणबत्त्या लावतो आम्ही, त्या वाऱ्याने एका बाजूने वितळत जातात ना, अगदी तसं. आमचे हाडांचे डॉक्टर इजिप्तचे आहेत. ते म्हणाले, उतारवयात कोणालाही होतं हे, मान आणि पाठ कडक होते, त्याने कोणी मरत नाही. पुढे पुढे माझीही नजर मेली. मेण दिसलं की मी पुढचं बटण दाबायचे.

तर एक दिवस एक कोरियन आजोबा आले. सत्तरी ओलांडलेले, बारीक, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद. सोबत चाळिशीची लेक. तीच बोलत होती, इंग्रजीत, माझ्याइतक्याच मोडक्या. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणून ठेवलं होतं. आता ते धड जेवत नाहीत, घास घशात अडकतो म्हणतात, मान वळत नाही. तिच्या मते ते रुसले होते. तिने इकडे आणलं म्हणून.

"हट्टी आहेत फार," ती म्हणाली. "परवा माझ्या बॉसची आई घरी आली तर यांनी वाकून नमस्कारसुद्धा केला नाही नीट. माझी मान खाली गेली."

आजोबांनी मला नमस्कार केला तोही मी बघितला. कंबरेतून वाकले, पण मान आणि पाठ एकाच फळीची. एखादं कपाट पुढे कलावं तसे ते कलले आणि परत उभे राहिले. हा माणूस रुसलेला नाही, याच्याच्याने वाकवतच नाही, एवढं कळायला मला एक्स-रेची गरज नव्हती. पण तेव्हा मी कशावरच काही बोलत नसे.

आत न्यायच्या वेळी लेक त्यांना म्हणाली, "अप्पा." पुढे कोरियनमध्ये आणखी काहीतरी. मग परत, "अप्पा."

मी विचारलं, "तुम्ही वडिलांना काय म्हणता?"

"अप्पा. का?"

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही नव्हतं. कानावर शब्द पडला, आत कुठे पोचला नाही.

आत शर्ट काढायला सांगितला. आजोबा बटणाशी लागले. बराच वेळ गेला. बघते तर ते हनुवटी खाली नेता येत नाही म्हणून समोरच्या काचेत बघून बटण सोडवत होते. बोटं बटणावर आहेत की नुसती कापडावर, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं. मी पुढे होऊन बटणं काढली. त्यांनी दाराकडे बघितलं, लेक बाहेर होती तिकडे, आणि माझ्यासमोर हात हलवला. सांगू नको. त्यात दोन भाषांचा प्रश्न नव्हता.

पहिला फोटो समोरून काढला, दुसरा बाजूने. बाजूचा फोटो पडद्यावर आला. मेण, भरपूर. माझी मेलेली नजर मेण बघून परतली. बाहेर रांग लागली होती आणि डॉक्टर दोनदा डोकावून "यल्ला सिस्टर, यल्ला" करून गेले होते. मी नर्स नाही हे त्यांना सांगून सांगून दमले, असो. पुढचे दोन फोटो मान वाकवून आणि मान मागे टाकून काढायचे होते. चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं, रोज तसंच लिहिलेलं असतं. आजोबांना भिंतीशी उभं केलं आणि हनुवटी छातीला लावा म्हणून स्वतः करून दाखवलं. त्यांनी प्रयत्न केला. मान हलली म्हणायची इतपतच. अशा वेळी आम्ही डोक्यामागे हात ठेवून जरा मदत करतो. मी तळहात त्यांच्या डोक्यामागे ठेवला. केस पांढरे आणि एकदम मऊ होते.

आणि ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "अप्पा."

माझा हात तिथेच थांबला.

आपल्याकडे जरा खरचटलं तरी आपण आई गं म्हणतो. ऐंशी वर्षांची बाईसुद्धा, जिची आई जाऊन पन्नास वर्षं झाली, ती इंजेक्शन टोचलं की आई गं म्हणते. माझ्या डोक्यात आलं की हे लोक आईला नाही, बापाला हाक मारत असतील. एवढा सत्तरीचा माणूस, परक्या देशात, अर्ध्या अंगाने उघडा, भिंतीला तोंड लावून आपल्या बापाला बोलावतोय. वर्षभरात माझ्यासमोर कोणी तशी हाक मारली नव्हती. मला रडू वगैरे काही आलं नाही. फक्त तो हात पुढे दाबायला तयार होईना. मी तो काढून घेतला, आजोबांना स्टुलावर बसवलं, गार पाण्याचा ग्लास दिला आणि त्यांना जरा दम खाऊ द्यावा म्हणून काचेमागे जाऊन उभी राहिले.

करायला काही नव्हतं म्हणून पडद्यावरच्या फोटोकडे परत बघितलं. या वेळी नीट बघितलं. मेण पुढच्या बाजूला होतं. मागच्या बाजूला, मणक्यांच्या पाठीमागे, जिथून मज्जारज्जू खाली उतरतो त्या नळीत, एक पांढरी रेघ होती. बारीक, सरळ, खडूने ओढल्यासारखी. तिथे काही पांढरं असायचं कारणच नाही.

डॉक्टरांना बोलावलं. ते कटकट करत आले आणि पडद्यावर वाकले. मग म्हणाले, "मान वाकवलीस?"

"नाही."

"अल्हमदुलिल्लाह," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग लेकीला आत बोलावून त्यांनी समजावलं. पुढचं हाड दिसायला भयंकर, पण ते घास अडवतं, मान अवघडवतं, त्यापलीकडे काही नाही. मागचं खरं वैरी. मणक्यांना मागून बांधून ठेवणारा जो पट्टा असतो, त्याचंच हाड होत चाललंय आणि ते नळीत शिरून मज्जारज्जू दाबतंय. कोरिया-जपानकडच्या लोकांत हे जास्त बघायला मिळतं. एक हिसका पुरे. गाडीचा ब्रेक, बाथरूममध्ये घसरलेला पाय. मानेखालचं सगळं खलास, हातही आणि पायही.

"हाताला बधिरपणा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. आजोबांनीही नाही म्हणून हात हलवला.

मी म्हटलं, "आहे. बटण हाताला लागत नाही त्यांच्या."

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की बास! मी नजर वळवली नाही. लेकीने खाली वाकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, एकेक बोट दाबत गेली आणि एकेका बोटाला काहीतरी विचारत गेली. आजोबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग ती मला म्हणाली, "म्हणून ते चॉपस्टिक सोडून चमच्याने खात होते. मी त्यांना ओरडले त्यावरून."

कॉलर बांधली, ॲम्ब्युलन्स बोलावली. अल खोरच्या गल्ल्यांत दर चार घरांमागे गतिरोधक आहे, कोणी घातलेत देव जाणे. त्यामुळे लेकीची गाडी नको म्हटलं. ड्रायव्हरला मी हिंदीत बजावलं, हळू, अगदी हळू. तो म्हणाला, "इन्शाल्ला." मी म्हटलं, "इन्शाल्ला नहीं, धीरे."

संध्याकाळी आईला यातलं काही सांगितलं नाही. जेवले, रडले नाही, ठेवते.

दोह्याच्या मोठ्या इस्पितळात बाकीच्या तपासण्या झाल्या आणि ऑपरेशन ठरलं. ते आजोबांनी नाकारलं. हे मला कसं कळलं, तर लेक फोटोंची सीडी न्यायला आली आणि काउंटरवर उभ्या उभ्याच तिचा बांध फुटला. इथे नको तर कोरियात करू म्हटलं, तर डॉक्टर एवढ्या लांब विमानात बसवायला तयार नाहीत. आणि आजोबा म्हणतात, कुठेच नको. बायको गेली, वय झालं, आता हात ठेवून काय करायचंय?

मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा आत काहीतरी हललं, आणि काय, तर राग! अप्पाही असेच. छातीत कधीपासून दुखत होतं कोण जाणे, कोणाला बोलले नाहीत. दोन महिने जिना चढताना मधल्या पायरीवर उभे राहून म्हणे भिंतीचा रंग बघायचे. आईला वाटायचं घर रंगवायचं मनात आहे.

मी लेकीला म्हटलं, "त्यांना जाऊन विचारा, हात गेल्यावर घास कोण भरवणार? संडासला कोण नेणार? धुणार कोण? तुम्हीच ना? मग हात नकोत हे ठरवणारे ते एकटे कोण? म्हणावं, एक्स-रेवाली विचारते."

बोलून गेले आणि मग वाटलं, झालं, आता तक्रार येणार. ती बिचारी डोळे पुसत सीडी घेऊन गेली. तक्रार आली नाही. काही दिवसांनी डॉक्टर जाता जाता म्हणाले, तुझा तो कोरियन म्हातारा आज टेबलावर आहे. एवढंच म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

त्या दिवशी मी काम केलं, रोजच्यासारखं. श्वास रोखा, हलू नका, झालं. पण दर पेशंटमागे मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एकदा एका फिलिपिनो बाईचा डावा गुडघा सांगितला असताना उजवा काढून ठेवला. ऑपरेशनमध्येही हात जाऊ शकतात, हे मला माहीत होतं. मानेच्या आत, मज्जारज्जूच्या अंगाला लागून काम. दुपारची पोळी डब्यात तशीच घरी आली. संध्याकाळी बातमी आली की हात हलतायत.

दोन-तीन महिन्यांनी, अप्पांचं वर्ष होऊन गेल्यावर, ते तपासणीचा फोटो काढायला आमच्याच दवाखान्यात आले. लेक म्हणाली, त्यांना दोह्यात नको होतं, ती ओरडणारी बाई हवी होती. आजोबा कॉलरशिवाय होते. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, शर्टाच्या वरच्या बटणाला हात घातला आणि माझ्या डोळ्यांत बघत, खाली न बघता, ते काढलं. मग दुसरं. फार सावकाश. मी मध्ये पडले नाही. बाहेर रांग लागली होती, लागू दे म्हटलं. फोटोत मानेत दोन्हीकडे स्क्रूंची ओळ दिसली, चांगली घट्ट बसलेली.

"अजून दोन बोटांना कळत नाही," लेक म्हणाली. "पण बाकीच्यांत आता... काय म्हणतात, टोचल्यासारखं होतं."

"आम्ही म्हणतो मुंग्या येतात," मी म्हटलं आणि बोटांनी मुंग्या चालवून दाखवल्या.

तिने आजोबांना सांगितलं. ते हसले. "आमच्याकडे पायात गोळा आला तर म्हणतात उंदीर आला," ती म्हणाली. मग आम्ही तिघं मुंग्या आणि उंदरांवर हसलो. त्या हसण्यात मला धीर आला आणि मी विचारून टाकलं, "त्या दिवशी त्यांना खूप दुखत होतं का? त्यांनी वडिलांना हाक मारली होती."

लेकीला कळेना. तिने आजोबांना विचारलं. आजोबांनाही कळेना. दोघांचं बराच वेळ चाललं आणि मग ती एकदम हसायला लागली.

"त्यांना त्यांचे वडील आठवतसुद्धा नाहीत, ते तान्हे असताना गेले. ते अप्पा नाही म्हणाले. आप्हा म्हणाले. आप्हा म्हणजे दुखतंय."

"मग अप्पा?"

"अप्पा म्हणजे बाबा. वेगळं आहे ना, ऐका. आप्हा. अप्पा."

कोरियन माणसाला वेगळं असेल. मला मेलीला काय कळतंय! माझा चेहरा बघून आजोबांनी स्वतःचा तळहात तोंडासमोर धरला आणि मलाही तसं करायला सांगितलं. "आप्हा," ते म्हणाले. मी म्हटलं, "आप्हा." तळहाताला फुंकर लागली. "अप्पा." या वेळी नाही. दुखण्याला वारा येतो, बापाला येत नाही, एवढाच फरक. आजोबांनी आपल्या दोन बधिर बोटांकडे बघितलं, परत "आप्हा" म्हणाले आणि मान हलवता येत नाही म्हणून हातानेच सांगितलं, यांना अजून नाही कळत.

जाताना त्यांनी कपाटासारखं कलून नमस्कार केला. मीही केला.

ड्यूटी संपवून गाडीत येऊन बसले. एसी लावला, गाडी काढली नव्हती अजून, तेवढ्यात आईचा फोन.

"जेवलीस?"

"जाऊन जेवते."

"रडलीस?"

नाही गं, असं तोंडापर्यंत आलं होतं. काय मनात आलं कोणास ठाऊक, मी तळहात तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "आई, आप्हा." हाताला वारा लागला.

फोनमधून वारा कुठला जायला!

"काय झालं अप्पांना?" आई म्हणाली. दचकून, घाईघाईने. ते बाजारात गेले आणि यायला उशीर झाला की शेजारणीला विचारायची, तसं.

मग तिचं तिलाच कळलं. आणि इकडे मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखी, आई, दुखतंय गं, दुखतंय, एवढंच परत परत. पार्किंगमधून जाणारा एक माणूस काचेजवळ थांबला, मी हाताने त्याला जा म्हटलं. आईने फोन ठेवला नाही आणि मला गप्पही केलं नाही. तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जा आता घरी. गरम करून जेव."